रग्बीतील पंचाची पूर्वसूचना : विवेकाधिकार आणि त्याच्या मर्यादा

रग्बी युनियन या खेळात सामना सुरू होण्यापूर्वी पंच दोन्ही संघांच्या खोल्यांत जातो, कर्णधाराशी व आघाडीच्या फळीतील खेळाडूंशी काही मिनिटे बोलतो आणि मगच मैदानावर उतरतो. हा परिपाठ आज इतका रूढ झाला आहे की, त्याचे प्रयोजन काय असा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही. वस्तुतः तो विचारण्याजोगा आहे. खेळाचे नियम छापलेले आहेत. ते उभय संघांस ज्ञात आहेत असे गृहीत धरले जाते. आणि त्यांचा अर्थ लावण्याचा अधिकार सामन्यापुरता एकट्या पंचाकडे आहे. असे असता त्याने आगाऊ काही सांगावयाचे कारण काय? खटला उभा राहण्यापूर्वी न्यायाधीश पक्षकारांकडे जाऊन, आपण कायद्याचा अर्थ कसा लावणार आहोत, हे सांगत नाही. रग्बीचा पंच मात्र नेमके हेच करतो, आणि त्याने तसे करावे अशी अपेक्षाही असते.

प्रस्तुत लेखात या प्रथेची घडण, तिची पद्धत आणि तिच्या मर्यादा यांचा विचार करावयाचा आहे. नियमाने जो भाग पंचाच्या विवेकावर सोपविला आहे तो खेळाडूंस आगाऊ कळावा, हा पूर्वसूचनेचा खरा हेतू होय. नियम शिकविणे हा नव्हे. हा हेतू मान्य केला म्हणजे तिच्या मर्यादाही आपोआप ठरतात. पंचाने जे सांगावयाचे ते दोन्ही संघांना सारखेच सांगितले पाहिजे, आणि मैदानावर आपणास पाळता येईल एवढेच सांगितले पाहिजे.

१. कर्णधारांकडून पंचाकडे

इंग्लंडमध्ये १८७१ साली रग्बी फुटबॉल युनियनची स्थापना झाली आणि त्याच वर्षी खेळाचे ५९ नियम संमत करण्यात आले. ते तयार करणारे तिघेही वकील होते. त्या नियमावलीत पंच नाही. उलट, अखेरच्या नियमान्वये सर्व तंट्यांचा निर्णय उभय कर्णधारांवर सोपविलेला होता. खेळ मित्रमंडळींत आणि शाळांच्या माजी विद्यार्थ्यांत चालत होता तोवर ही व्यवस्था निभावली. परंतु निरनिराळ्या प्रदेशांचे संघ एकमेकांशी खेळू लागल्यावर तिच्यातील उणीव उघडी पडली.

या दृष्टीने १८८४ सालचा इंग्लंड-स्कॉटलंड सामना उद्बोधक आहे. हे दोन संघ १८७९ पासून ज्या करंडकासाठी खेळत आले आहेत, त्याचा भारताशी साक्षात संबंध आहे : कलकत्त्याचा रग्बी क्लब बंद पडला तेव्हा त्याच्या शिलकी चांदीच्या रुपयांतून तो घडविण्यात आला आणि म्हणूनच त्यास कलकत्ता करंडक म्हणतात. १८८४ च्या सामन्यात एका स्कॉटिश खेळाडूने चेंडू मुठीने मागे ढकलला. तो इंग्लंडच्या हाती लागला आणि इंग्लंडने ट्राय केला. चेंडू असा मागे ढकलणे नियमबाह्य आहे, सबब खेळ तेथेच थांबावयास हवा होता, असे स्कॉटलंडचे म्हणणे. इंग्लंडचे म्हणणे असे की, ती कृती नियमबाह्य नाही. आणि असली तरी ज्याने चूक केली त्यालाच तिचा फायदा कसा मिळावा? नियमाचे शब्द उभयतांपुढे होते. वाद होता तो अर्थाचा. या वादातूनच १८८६ साली आंतरराष्ट्रीय मंडळ अस्तित्वात आले. इंग्लंड त्यात १८९० साली सामील झाले. पुढे अल्पावधीतच निर्णयाचा सर्वाधिकार कर्णधारांकडून आणि दोन बाजूंच्या दोन सहायकांकडून निघून एका तटस्थ पंचाकडे आला. सामन्याच्या काळात वस्तुस्थिती आणि नियम या दोहोंचा एकमेव निर्णेता पंच होय, हे तत्त्व आजच्या नियमावलीत सहाव्या नियमात नमूद आहे.

कर्णधाराचा अधिकार असा गेला, तरी त्याचे स्थान गेले नाही. सामना चालू असता पंचाशी विचारविनिमय करण्याचा हक्क नियमाने फक्त त्यालाच दिला आहे. पंचाच्या निर्णयानंतर जे पर्याय उपलब्ध होतात त्यांतून निवडही तोच करतो. म्हणजे एके काळचा निर्णेता आता मध्यस्थ झाला. पंच सामन्यापूर्वी त्याच्याशी बोलतो, यामागे ही परंपरा आहे.

२. ही गरज रग्बीतच एवढी का?

क्रिकेटमध्येही सामन्यापूर्वी पंच आणि कर्णधार भेटतात. परंतु तेथे खेळाची वेळ, सीमारेषा, मैदानावरील अडथळे अशा स्थानिक बाबी निश्चित करावयाच्या असतात. फलंदाज पायचीत केव्हा होतो, याविषयी माझे धोरण असे आहे, असे क्रिकेटचा पंच कोणास सांगत नाही, आणि कोणी विचारीतही नाही. रग्बीत मात्र धोरण हाच संभाषणाचा गाभा असतो.

याचे कारण खेळाच्या घडणीत आहे. दोन्ही संघांचे मिळून ३० खेळाडू ८० मिनिटे एकाच चेंडूसाठी झगडतात आणि झगडा अंगाला अंग भिडवून होतो. चेंडू घेऊन धावणाऱ्या खेळाडूस पकडून जमिनीवर पाडले, म्हणजे टॅकल झाला, की एकाच क्षणी अनेक कर्तव्ये उद्भवतात. पाडणाऱ्याने पडलेल्यास सोडून बाजूस व्हावयाचे. पडलेल्याने चेंडू सोडावयाचा. मागून येणाऱ्यांनी आपापल्या बाजूने येऊन पायांवर उभे राहावयाचे. यांतील बहुतेक कर्तव्ये ‘ताबडतोब’ करावयाची आहेत. परंतु ताबडतोब म्हणजे किती वेळात? अंगावर चार जण पडले असता बाजूस होणे शक्य तरी आहे काय? चेंडूवर हात टाकणारा स्वतःचा भार पायांवर पेलतो आहे, की पडलेल्यावर रेलला आहे? नियमाचे शब्द या प्रश्नांपाशी येऊन थांबतात.

शिवाय दिसलेल्या प्रत्येक दोषासाठी शिट्टी वाजवावी असेही नाही. एका संघाच्या चुकीमुळे दुसऱ्यास चाल करण्याची संधी मिळत असेल, तर पंचाने खेळ चालू ठेवावा, असे लाभाचे तत्त्व सांगते. १८८४ च्या वादात इंग्लंडने जो मुद्दा काढला होता, त्याचेच हे नियमबद्ध रूप म्हणता येईल. पण लाभ पुरेसा मिळाला की नाही, हे ठरविणे पुन्हा पंचाच्याच हाती. तात्पर्य, रग्बीच्या नियमावलीत विवेकाधिकाराची जागा अपवादापुरती नाही. खेळाच्या मध्यभागीच ती आहे. दोन प्रामाणिक व जाणते पंच एकच टॅकल पाहून भिन्न निर्णय देऊ शकतात. अशा स्थितीत, आज कोणता पंच कोणत्या बाबीला महत्त्व देणार आहे, हे खेळाडूंस आधी कळले तर चुका टळतात आणि शिक्षा अनपेक्षित वाटत नाही.

३. पूर्वसूचनेची पद्धत

प्रत्यक्षात हा कार्यक्रम थोडक्यात आटोपतो. पंच आणि त्याचे सहायक खेळाडूंचा पोशाख, संरक्षक साहित्य आणि बुटांखालचे स्टड तपासतात. आघाडीच्या फळीत कोण खेळणार आणि त्यांच्या जागी येऊ शकतील असे राखीव खेळाडू कोण, याची माहिती प्रत्येक संघाने पंचास देणे नियमानेच आवश्यक केले आहे. २३ जणांच्या संघात असे शिक्षित खेळाडू ६ असावे लागतात. या माहितीचे महत्त्व पुढील कलमात स्पष्ट होईल.

त्यानंतर आघाडीच्या फळीशी बोलणे होते. स्क्रममध्ये दोन्ही बाजूंचे आठ-आठ खेळाडू तीन ओळींत वाकून एकमेकांस भिडतात. पहिल्या ओळीतील तिघांच्या, म्हणजे मधला हूकर आणि त्याच्या दोन बाजूंचे प्रॉप यांच्या, मानेवर आणि खांद्यांवर साऱ्याचा भार येतो. आंतरराष्ट्रीय पातळीवर एका बाजूचे वजनच ८०० किलोग्रॅमच्या पुढे जाते. भिडण्याचा क्षण पंचाच्या आज्ञांनी नियंत्रित केलेला असतो. २००७ साली त्यासाठी चार शब्दांचा क्रम आला; २०१२ मध्ये तो तिहींवर आणला गेला; आणि २०१३ पासून ‘क्राउच, बाइंड, सेट’, म्हणजे वाका, धरा, भिडा, हा क्रम रूढ आहे. शब्द सर्वत्र एकच असले, तरी दोन शब्दांमधील विराम प्रत्येक पंचाचा वेगळा. म्हणून अनेक पंच खोलीतच आपली लय म्हणून दाखवितात. आज्ञेपूर्वी भिडू नये; प्रतिस्पर्ध्यास पाठीवर किंवा कुशीवर धरावे, बाहीस वा दंडास धरू नये; स्क्रम कोसळला आणि शिट्टी झाली की रेटणे तत्क्षणी थांबवावे; एवढेच मुद्दे बहुधा असतात.

कर्णधाराशी होणारे बोलणे याहून निराळे असते. त्यात पंच आपल्या दृष्टीने महत्त्वाच्या तीन-चार बाबी सांगतो : टॅकलनंतर बाजूस होणे, रकमध्ये हात न घालणे, ऑफसाइडच्या रेषेमागे राहणे, डोक्याला धक्का लागेल असा टॅकल न करणे. बोलावयाचे ते कर्णधाराने, आणि खेळ थांबला असता, हेही तो स्पष्ट करतो. कर्णधार मैदानात एका टोकास खेळणारा असेल, तर जवळच्या झगड्यात पंचाने कोणाशी बोलावे, हे तेव्हाच ठरविलेले बरे. शेवटी पंचाच्या देखरेखीखाली नाणेफेक होते. एक कर्णधार नाणे उडवितो, दुसरा कौल मागतो. जिंकणारा आरंभीची किक घ्यावयाची की बाजू निवडावयाची हे ठरवितो.

येथे एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. ‘सोड’, ‘बाजूस हो’, ‘हात काढ’ असे शब्द पंच सामन्यात सतत उच्चारीत असतो. शिट्टी वाजविण्यापूर्वी चूक टाळण्याचा हा प्रयत्न होय. पूर्वसूचनेत जे शब्द वापरले तेच मैदानावर वापरले, तर धापा टाकणाऱ्या खेळाडूसही अर्थ लगेच कळतो. पंचाची आणि खेळाडूंची मातृभाषा भिन्न असेल तेथे तर या सामायिक शब्दांचे मोल फारच मोठे. अनुभवी पंच म्हणूनच थोडे बोलतात. सामन्याच्या तोंडावर खेळाडूंचे चित्त अन्यत्र असते. दहा मुद्दे सांगितले तर एकही स्मरणात राहत नाही.

४. सुरक्षिततेचा प्रश्न

पूर्वसूचना हा केवळ सौजन्याचा भाग आहे असे कोणास वाटत असेल, तर इंग्लंड व वेल्समधील दोन खटल्यांकडे पाहणे उचित ठरेल.

पहिला खटला १९९१ साली इंग्लंडमध्ये झालेल्या तरुणांच्या सामन्यासंबंधी आहे. त्यात १७ वर्षांच्या एका हूकरच्या मानेस स्क्रम कोसळल्यामुळे दुखापत झाली आणि तो कायमचा अपंग झाला. १९ वर्षांखालील खेळाडूंसाठी टप्प्याटप्प्याने भिडण्याचा नियम तेव्हा लागू होता. परंतु त्या सामन्यात स्क्रम वारंवार कोसळत असूनही पंचाने तो नियम नीट अमलात आणला नाही, असे न्यायालयास आढळले. १९९६ साली अपील न्यायालयाने पंचावरील जबाबदारी कायम केली. खेळाडूंच्या सुरक्षिततेविषयी वाजवी काळजी घेणे हे पंचाचे कायदेशीर कर्तव्य आहे, हे यातून प्रस्थापित झाले.

दुसरा खटला १९९८ साली वेल्समध्ये झालेल्या प्रौढांच्या हौशी सामन्यासंबंधी आहे. एका संघाचा प्रॉप जखमी होऊन बाहेर गेला. त्याच्या जागी येण्यास शिक्षित खेळाडू नव्हता. अशा वेळी रेटारेटीविना स्क्रम घेण्याची तरतूद नियमात होती; पण पंचाने तो निर्णय संघाच्या कर्णधारावर सोपविला, आणि त्या जागेचा अनुभव नसलेला एक खेळाडू पहिल्या ओळीत उभा राहिला. सामन्याच्या अगदी अखेरीस स्क्रममध्ये त्या संघाच्या हूकरला गंभीर इजा झाली. २००३ साली अपील न्यायालयाने पंचास निष्काळजीपणाबद्दल जबाबदार धरले.

या दोन निर्णयांचा आपल्या विषयाशी निकट संबंध आहे. आघाडीच्या फळीत कोण शिक्षित आहे, हा प्रश्न सामन्यापूर्वी शांतपणे विचारला आणि त्याचे उत्तर नोंदून ठेवले, तर सामन्याच्या धामधुमीत तो निर्णय घाईने घ्यावा लागत नाही. तसेच, कर्णधाराशी विचारविनिमय करावयाचा म्हणजे काय, याची सीमाही दुसऱ्या निर्णयाने दाखविली आहे. किक घ्यावयाची की स्क्रम, हे कर्णधाराने ठरवावे. परंतु स्क्रम धोक्याविना होऊ शकतो की नाही, हे त्याच्यावर टाकता येत नाही. जिंकण्याची इच्छा असलेल्या कर्णधारास तो प्रश्न विचारणे म्हणजे पंचाने आपले ओझे त्याच्या खांद्यावर देणे होय. तरुणांच्या सामन्यांत तर याहूनही अधिक दक्षता लागते. १९ वर्षांखालील खेळात स्क्रम दीड मीटरपलीकडे रेटता येत नाही, हा फरक पूर्वसूचनेत उच्चारला गेलाच पाहिजे. कारण मोठ्यांचा खेळ पाहून शिकलेल्या मुलांस तो विसरावयास वेळ लागत नाही.

५. मर्यादा

पूर्वसूचनेमुळे जशा चुका टळतात, तशा काही नव्या अडचणीही उत्पन्न होतात. पंच जे बोलतो त्याला वचनाचे स्वरूप येते, ही त्यांतील पहिली. ‘पहिल्या चुकीस मी केवळ समज देईन’ असे त्याने म्हटले, तर खेळाडू ती पहिली चूक आपला हक्क समजतात. नियमावलीत वारंवार होणाऱ्या चुकांसाठी आधी संघास ताकीद आणि मग दोषी खेळाडूस १० मिनिटे बाहेर, असा क्रम आहे. पण धोकादायक टॅकलला असा कोणताही क्रम नाही. त्याची शिक्षा पहिल्याच मिनिटास होऊ शकते. म्हणून पंचाने आपण कशाकडे लक्ष देऊ ते सांगावे; शिक्षेचे दरपत्रक सांगू नये.

दुसरी मर्यादा पंच आणि प्रशिक्षक यांच्या भूमिकांसंबंधी आहे. २६ फेब्रुवारी २०१७ रोजी ट्विकनहॅम येथे इंग्लंड आणि इटली यांचा सामना झाला. टॅकलनंतर इटलीचे खेळाडू चेंडूवर झुंजावयास पुढेच येईनात. त्या वेळच्या नियमान्वये दोन्ही संघांचा किमान एकेक खेळाडू भिडल्याविना रक होत नसे, आणि रक नाही तर ऑफसाइडची रेषाही नाही. साहजिकच इटलीचे खेळाडू इंग्लंडच्या बाजूस जाऊन निर्वेधपणे उभे राहू लागले. गोंधळलेल्या इंग्लंडच्या खेळाडूंनी, आम्ही आता काय करावे, असे विचारले, तेव्हा फ्रेंच पंच रोमाँ प्वात यांनी, आपण पंच आहो, प्रशिक्षक नव्हे, अशा अर्थाचे उत्तर दिले. इटलीच्या प्रशिक्षकांनी या युक्तीविषयी पंचांशी आधी बोलणे केले होते, हे पुढे प्रसिद्ध झाले. सामना इंग्लंडनेच ३६–१५ असा जिंकला. त्याच वर्षी रकची व्याख्या बदलण्यात आली आणि ती पळवाट बंद झाली.

पंचाने ही गोष्ट इंग्लंडच्या कानावर घालावयास हवी होती काय? माझ्या मते, नाही. एखादी कृती नियमात बसते की नाही, हे विचारणाऱ्या कोणत्याही संघास उत्तर मिळावे आणि तेच उत्तर दुसऱ्या संघासही विचारताच मिळावे, इतकी समता पुरेशी आहे. परंतु एका संघाने विश्वासाने सांगितलेला डाव दुसऱ्यास सांगणे हा पक्षपातच होईल. नियमाचा अर्थ सर्वांच्या मालकीचा. डाव मात्र ज्याचा त्याचा. हा भेद सांभाळला नाही, तर पुढच्या सामन्यात कोणताच संघ पंचाशी मोकळेपणाने बोलणार नाही.

तिसरी मर्यादा समान वागणुकीची. २४ जुलै २०२१ रोजी केपटाउन येथे दक्षिण आफ्रिका विरुद्ध ब्रिटिश आणि आयरिश लायन्स या मालिकेतील पहिली कसोटी झाली. लायन्सनी ती २२–१७ अशी जिंकली. त्यानंतर दक्षिण आफ्रिकेचे रग्बी संचालक रासी इरॅस्मस यांची पंच निक बेरी यांच्या निर्णयांवर टीका करणारी ६२ मिनिटांची चित्रफीत प्रसृत झाली. आपला कर्णधार सिया कोलिसी याचे म्हणणे लायन्सच्या कर्णधाराइतक्या आदराने ऐकून घेतले गेले नाही, असाही आक्षेप तीत होता. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये इरॅस्मस यांच्यावर गैरवर्तनाबद्दल बंदीची कारवाई झाली. पंचाविषयीची तक्रार अशी जाहीरपणे मांडणे गैर, यात शंका नाही. तथापि निर्णयांच्या बरोबरीने ऐकून घेण्याविषयीही तक्रार व्हावी, ही बाब अभ्यासकाने सोडून देऊ नये. कर्णधाराच्या दृष्टीने पंचाची निःपक्षता निर्णयांच्या संख्येत मोजली जात नाही. आपले म्हणणे दुसऱ्याइतकेच ऐकले गेले की नाही, यावर ती ठरते.

सबब, पूर्वसूचना दोन्ही खोल्यांत त्याच मुद्द्यांची, त्याच क्रमाने आणि शक्य तितक्या त्याच शब्दांत व्हावी. एका कर्णधाराशी जुनी ओळख असेल, तर त्याच्याशी गप्पा वाढवू नयेत. सामन्यापूर्वी प्रशिक्षक एखादी शंका घेऊन आला, तर उत्तर सर्वसामान्य नियमाचे द्यावे. प्रतिस्पर्ध्याच्या दोषांची यादी ऐकून तीवर मत देऊ नये. एका बाजूकडून ऐकलेल्या दोषांवर पंचाची नजर अभावितपणे खिळून राहते, हा धोका प्रामाणिक पंचासही चुकत नाही.

६. उपसंहार

१८७१ च्या नियमावलीने निर्णय कर्णधारांवर सोपविला आणि आजच्या नियमावलीने तो एकट्या पंचावर सोपविला. या दोन टोकांमध्ये पूर्वसूचनेचे स्थान आहे. तिच्यामुळे पंचाचा अधिकार कमी होत नाही. तो कोणत्या दिशेने वापरला जाईल, एवढेच त्या अधिकाराखाली खेळणाऱ्यांस आधी कळते. ज्या ज्या व्यवहारात नियम लिखित असूनही त्यांचा अंमल एका व्यक्तीच्या विवेकावर अवलंबून असतो, त्या त्या ठिकाणी हाच प्रश्न उभा राहतो. परीक्षक, तपासनीस आणि अध्यक्ष यांचीही स्थिती तत्त्वतः याहून वेगळी नाही. विवेकाधिकार टाळता येत नसेल, तर त्याची दिशा आधी सांगावी, सर्वांस सारखी सांगावी, आणि सांगितल्याप्रमाणे वागावे.

यांपैकी तिसरी गोष्ट सर्वांत कठीण. खोलीत बोललेल्या चार वाक्यांची कसोटी मैदानावर, धावून थकलेल्या पंचाच्या सत्तराव्या मिनिटाच्या शिट्टीत लागते. पहिल्या मिनिटाला जो दोष धरला तोच तेव्हाही धरला गेला, तर कर्णधार निर्णयाविरुद्ध असूनही वळून आपल्या खेळाडूंना मागे नेतो. पूर्वसूचना सफल झाली याचा त्याहून वेगळा पुरावा शोधावा लागत नाही.